सुभेदारांची पिवळी बाटली

मला एक सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? ज्योतिषी म्हणतो माझ्यावर, वकील म्हणतो माझ्यावर, आणि म्हशींचा दलाल तर गळ्याची शपथ घेऊन म्हणतो माझ्यावर. साताऱ्यातल्या एका शहाण्यासुरत्या माणसानं एकदा माझ्या जिभेवर भरवसा ठेवला होता. त्या भरवशाची मी काय वाट लावली, ते आज सांगून टाकतो. पण आधी तो चहा संपवा, नंतर त्याच्याकडं तुमचं लक्ष राहायचं नाही.

मी सांगलीचा गुळाचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण पेठेत, ढेपांवर बसून. कोयनेच्या भूकंपाच्या आधीची दोन-तीन वर्षं धरा, तेव्हा माझ्या जिभेचा फार गवगवा होता. डोळे बांधून गुळाचा खडा तोंडात टाका, मी सांगायचो, हा आष्ट्याकडचा, काळ्या रानातल्या उसाचा, आणि गूळ शिजवणाऱ्याला काहिलीपाशी डुलकी लागली होती. शेवटचं मी अंदाजानं ठोकायचो. पण शेतकरी मान खाली घालायचा, त्याअर्थी बरोबरच असणार.

आता आमच्या धंद्याची एक रीत तुम्हाला माहीत पाहिजे. सौद्याच्या वेळी माल चाखायचा आणि तोंड वाकडं करायचं. माल जितका चांगला, तितकं तोंड जास्त वाकडं. ज्या शेठजींच्या पेढीवर मी उमेदवारी केली, ते म्हणायचे, "जीभ खरी ठेव, तोंड खोटं ठेव." आपण म्हणायचं, "खारट आहे." मालक म्हणणार, "आवं शेठ, पुन्हा चाखा की." आपण पुन्हा चाखायचं आणि कुरकुरत म्हणायचं, "बरं, अगदीच टाकाऊ नाही." मग भाव जरा वर सरकतो, दोघं चहा पितात, दोघंही आपण जिंकलो म्हणून घरी जातात. यात फसवणूक कुणाचीच नाही. लग्नात व्याह्यानं रुसायचं असतं ना, तसलं आहे ते. न रुसणाऱ्या व्याह्याला काही मजा नाही.

तर एके दिवशी साताऱ्याहून भोईटे सुभेदारांचं कार्ड आलं. सुभेदार म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. वर्षाला दोन ढेपा माझ्याकडून नेणार, आणि कधी एका शब्दानं भाव न विचारणार. पहिल्या लढाईत ऐन विशीत फ्रान्सात गेले होते, खंदक खणणाऱ्या पलटणीत. तिथं पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे, पण उरलेला माणूस इतका ताठ की त्यांच्यापुढं भिंतसुद्धा वाकलेली वाटावी.

कार्डावर लिहिलं होतं : 'एक परमुलखातला माल आला आहे. तुमच्या जिभेशिवाय कुणावर भरवसा नाही. येऊन चाखून जे असेल ते सांगावे. गाजावाजा करू नये.'

आता तुम्हीच सांगा, असलं कार्ड व्यापाऱ्याच्या हातात पडलं तर तो काय समजेल? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुभेदारांचा भाचा बोटीवर कामाला होता. त्यानं बाहेरून काहीतरी आणलं असणार, आणि म्हातारा ते विकायला काढतोय. मी काळा कोट चढवला, टोपी झटकली, बगलेत एक छोटी ढेप मारली आणि सकाळची एसटी धरली.

साताऱ्यात घराच्या दारातच काकी भेटल्या. काकी म्हणजे सुभेदारांच्या मंडळी. पलटण सुभेदारांनी सोडली होती, काकींनी नाही.

"आलासा, आण्णा? या. काल धरनं चार डाव रस्त्यापातूर जाऊन आल्यात ह्ये. लढाईत बी एवढा पहारा दिला नसंल."

"तू गप," आतून सुभेदार म्हणाले. "आण्णा, हात-पाय धुवा. तोंड बी खळखळून धुवा. वाटंत काय खाल्लंसा?"

"काही नाही."

"पान?"

"सौद्याच्या दिवशी मी पान खात नाही."

ते इतके खूश झाले की मला वाटलं, सलाम ठोकतात आता.

स्वैपाकघराच्या कोपऱ्यात अर्धा पुरलेला रांजण होता. त्यातून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांनी वर काढली.

"हिला उन्हाचा तरास हुतो," सुभेदार म्हणाले.

"माझ्या चार बाळंतपणांत कुणी फडकं भिजवलं न्हाई," काकी म्हणाल्या.

बाटली बघितली आणि मी आधी दाराकडं बघितलं. अहो, दारूबंदीचा काळ तो. खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन चाललं तरी शिपाई वळून बघायचा. सुभेदारांनी शांतपणे ट्रंक उघडली, तळाचा कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

"डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा परवाना हाय माझा. तुमचा न्हाई. तवा तुमी पिनार न्हाई. फकस्त तपासनार."

"तपासतो," मी म्हणालो.

त्यांनी बुचात स्क्रू पिळला, पकडीत धरला आणि बाटली मांडीत दाबून ओढला. बूच निघालं तसा खोलीत एक वास पसरला. काकी चुलीपुढं बसल्या होत्या, त्यांनीही मान वळवली.

"ही द्राक्षाची हाय," सुभेदार सांगू लागले. "पर पिकली म्हंजी तोडली, असं न्हाई. येलावरच ठिवत्यात. बुरशी धरूस्तवर. मग मनुक्यागत सुकलेला एकेक मणी हातानं येचत्यात."

"बुरशीचा मणी?"

"बुरशीचा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आन् नुसती गोड म्हनून बसून पित्यात. जेवान झाल्यावर, इवलीशी."

मी मनात म्हटलं, धन्य आहे. आमच्याकडं पावसाळ्यात ढेपेला बुरशी धरली की भाव निम्म्यावर येतो, आणि हे लोक बुरशीचाच भाव घेतात. ही अक्कल सांगलीला कुणी वेळेवर शिकवली असती तर पेठेतल्या निम्म्या वखारी आज दुमजली असत्या.

सुभेदारांनी औषधाच्या काचेच्या पेल्यात आधी स्वतःला बोटभर ओतून घेतली. घोट तोंडात धरला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग गिळला, डोळे उघडले आणि खिडकीकडं बघत राहिले. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही.

मी म्हटलं, पक्का माणूस आहे. आपलाच माल चाखून तोंड दगडासारखं ठेवणं हे मुरलेल्यांनाच जमतं. हा सौदा सोपा जाणार नाही.

"आता तुमी सांगा," असं म्हणून त्यांनी पेला भरून माझ्या हातात दिला.

रंग कसला म्हणता? काहिलीत पहिली उकळी आली, मळी काढून टाकली, की खालचा रस जसा झळझळतो तसा. सोनं पातळ झाल्यासारखा. मी घोट घेतला.

इथं मला जरा थांबू द्या.

मध म्हणावं तर मध जिभेवर येऊन बसतो, उठायचं नाव घेत नाही. हे बसलं, आणि उठून चालायला लागलं. आधी जर्दाळू. मग नारिंगाची साल नखानं सोलताना उडतो तो फवारा. मग गोड इतकं दाटलं की आता तोंडाला मिठी बसणार असं वाटलं, तेवढ्यात खालून एक आंबट दोरी कुणीतरी ओढली आणि सगळं पुन्हा हलकं झालं. गिळल्यावर गेलं म्हणावं, तर बैलगाडी वळणाआड गेली तरी घुंगरं ऐकू येतात ना, तसं माघारी आलं. लहानपणी गुऱ्हाळावर आई उसाच्या कांडक्याला गरम काकवी लावून हातात द्यायची. ते संपू नये म्हणून मी चाटायचो नाही, नुसता बघत बसायचो. आई जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्या घोटात मला तिच्या हाताला येणारा ओल्या चिपाडाचा वाससुद्धा आला.

त्या घटकेला मला ती बाटली हवी झाली. आख्खी. आयुष्यात कुठल्याही मालावर माझं मन असं जडलं नव्हतं. आणि मन जडलं की तोंड काय करतं, ते तुम्हाला मघाशी सांगितलंच आहे. माझं तोंड आपोआप वाकडं झालं आणि त्यातून शब्द आले :

"हं. जरा उतरलीय."

"उतरलीया?" सुभेदार पुढं झुकले.

"आंबूस वाटते."

"बरं. आन् वास?"

"वासाला कुबट. बुरशी शेवटी बुरशीच, सुभेदारसाहेब. लपत नाही."

आता ते म्हणणार, आवं आण्णा, पुन्हा चाखा की. मी पुन्हा चाखणार. माझा हात पेल्याकडं निघालासुद्धा होता. पण ते काहीच बोलले नाहीत. आणि समोरचा गप्प बसला की व्यापारी आणखी दोन खोडी काढतो, ही पण रीतच.

"मागं करपट चव राहते," मी म्हणालो. "वाटेत ऊन लागलं असणार. माझ्याकडं असा माल आला तर मी जनावरांच्या आंबोणात घालीन."

"तुमची खात्री हाय?"

"वीस वर्षं जिभेवर पोट भरतोय मी."

"बरं," सुभेदार म्हणाले. उठले. बाटली उचलली, माझ्या पुढ्यातला पेलाही हळूच काढून घेतला, आणि पाय ओढत मागल्या दारानं परसात गेले.

मी गालात हसलो. ही युक्ती मी पेठेत शंभरदा बघितली होती. भाव जमला नाही की शेतकरी म्हणतो, चला, माल परत गाडीत भरतो. दहा पावलं जातो आणि वळून बघतो. मी मांडी घालून, काकींनी पुढं ठेवलेल्या शेंगा फोडत बसलो. मागं कुठंतरी बुडबुड आवाज आला. मला वाटलं, पाय धूत असतील.

काकी चहा घेऊन आल्या. "बाटली कुटं हाय?"

"साहेब घेऊन गेले मागं. येतील आता."

"तुमी काय म्हनलासा त्यास्नी?"

"उतरलीय म्हणालो."

काकींनी चहा खाली ठेवला आणि त्या माझ्यासमोर तशाच बसल्या.

"आण्णा, त्यास्नी चव कळत न्हाई वो."

"म्हणजे?"

"दोन वर्सांमागं मोठा ताप आलता, तवाधरनं. जीभ मेली, नाक बी मेलं. मीठ आन् साखर एकच. माझ्या हातचं खात्यात, आन् मग मलाच इचारत्यात, आज काय केलतंस? चारचौघांत सांगत न्हाईत. लाज वाटती." त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तिकडं पाय फाटला, दवाखान्यात पडलं हुतं, तवा एका म्हातारीनं ह्ये चमच्यानं पाजलं म्हनं. मी मरत हुतो, त्या चवीनं माघारी आलो म्हनत्यात. पन्नास वर्सं ऐकतीया मी. भाच्याच्या मागं लागून लागून बाटली मागिवली. बाटली आली, तवर जीभ गेली. मग म्हनले, आण्णाची जीभ खोटं बोलत न्हाई. त्यो चाखंल, मी त्याच्या तोंडनं ऐकीन."

"विकायची नव्हती?"

"कशाला इकतील? येडं का काय तुमी?"

मी अनवाणी धावलो. परसात शेवग्याचं झाड होतं. सुभेदार त्याच्या बुंध्याशी उभे, बाटली उलटी.

"थांबा! साहेब, मी खोटं बोललो. एक नंबर माल आहे. असला माल मी जन्मात चाखला नाही."

त्यांनी बाटली सरळ केली, पण आता तिच्यात काही नव्हतं. माझ्याकडं बघून ते हसले, आणि ते हसणं फार वाईट होतं.

"तिनं सांगितलं जनू तुमाला. तुमी चांगलं मानूस हाय, आण्णा. पर आता माझं मन राखायला बोलू नका."

"मन राखत नाही. आमच्या धंद्यात असंच बोलतात. चांगल्याला वाईट म्हणतात."

"आसं कोन कशाला म्हनंल?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"न्हाई न्हाई," तेच पुढं म्हणाले. "माझीच याद खोटी. उपाशी हुतो, आईपासनं लांब हुतो. कायबी गोड लागलं आसतं. उगंच पन्नास वर्सं त्या तिकडल्या म्हातारीला दुवा दिला..." त्यांनी बाटली धुण्याच्या दगडावर ठेवली आणि ते घरात गेले. पाठ ताठच होती. पण त्या माणसाला निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती, आणि निवृत्त झालेला मला तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

मी एकटा राहिलो. मी, शेवगा आणि रिकामी बाटली. मी बाटली उचलून तोंडात उलटी धरली. बुडाला टिचकी मारली, थाप मारली. चार थेंब पडले. चारही थेंबांत तेच. जर्दाळू, नारिंग, घुंगरं. आणि मग माझी नजर खाली गेली. बुंध्याशी आळं होतं, आणि आळ्यातल्या मातीत एका जागी अजून जरा ओल चकाकत होती.

सांगायला लाज वाटते, पण सांगायचंच ठरवलंय. मी गुडघ्यांवर बसलो. आधी बोट बुडवलं. मग दुसरं बोट. मग बोटांना फारसं काही लागेना तेव्हा, अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी, अशा थाटात मी सरळ खाली वाकलो आणि जीभ लावली.

"आवं, या की भाईर," मागून काकींचा आवाज आला. "बघा तरी ह्यो बाबा काय करतोय."

मी मान वर केली. दारात सुभेदार उभे. माझ्या मिशांना चिखल.

"आण्णा, ह्ये काय?"

"थोडी राहिलीय," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघत राहिले. मिशांकडं, कोटाकडं, गुडघ्यांकडं. मग पाय ओढत आले आणि धुण्याच्या दगडावर बाटलीशेजारी बसले.

"आंबोणाच्या मालापायी सांगलीचा व्यापारी माती चाटत न्हाई," ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग म्हणाले, "सांगा. पयल्यापासनं."

मी तिथंच चिखलात फतकल मारली आणि सांगायला लागलो. असं मी आजवर कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुठल्याही मालाचं कौतुक करायचे शब्द माझ्या तोंडाला माहीतच नव्हते. एकेक शब्द विहिरीतून घागर ओढावी तसा वर येत होता.

"मध," मी म्हणालो. "पण चालता मध."

"व्हय. चालता." त्यांनी डोळे मिटले. "म्होरं?"

"जर्दाळू."

"आमाला जर्दाळू कुटलं ठावं तवा. मी म्हनायचो, आंब्याच्या कोयीला चिकटलेला रेसा आसतो, तसलं."

"तसंच. मग नारिंगाची साल."

"कडू?"

"इवलंसं."

"बराबर. आन् आंबट कवा येतं?"

"गोडानं मिठी बसणार तेवढ्यात. कुणीतरी दोरी ओढल्यावानी."

"त्यानंच मी जागा झालतो," सुभेदार म्हणाले. त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. तोंडात काही नव्हतं, पण माणूस गिळत होता. "आन् गिळल्यावर?"

"गेली असं वाटतं. आणि माघारी येते."

"किती डाव?"

"तीनदा."

"मला चार डाव आलती," सुभेदार म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अशी ऐट होती की मी तिथंच सौदा हरलो.

काकी दारातच उभ्या होत्या. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता तोंड धुवा, आण्णा. तुमाला परवाना न्हाई. कुनी बघितलं तर मातीसकट धरून नेतील."

संध्याकाळी सांगलीला पोहोचलो. पानावर बसलो, आमटीचा भुरका घेतला, आणि तोंडाला कौतुकाची सवय लागली होती म्हणून म्हणा, मी म्हणालो, "आमटी फार सुरेख झालीय."

आमच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. मंडळींनी पळी खाली ठेवली. त्या उठून माझ्याजवळ आल्या, वाकल्या, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "साताऱ्यात काय प्यालात, खरं सांगा."

सांगितलं तर पटेना. शेवटी मिशीत राहिलेली माती दाखवली. तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली.

पुढं भाच्याची बोट बदलली, पत्ता लागेना. चार वर्षांनी सुभेदार गेले. मी पोटाचं निमित्त काढून परवाना मिळवला, मुंबईला चकरा मारल्या, पिवळं दिसेल ते चाखलं. कुठं नुसती साखर, कुठं नुसता आंबटढाण. एकीनंही दोरी ओढली नाही. आता म्हातारपणी दुपारचा पडलो की जीभ टाळूला लावून वाट बघतो. येते कधीकधी. अर्धीच येते, वळणापर्यंत, आणि तिथूनच माघारी जाते.

म्हणून तुम्हा मंडळींकडं एकच मागणं आहे. जिभेचा हिशेब चोख ठेवा. गोड लागलं ते तिथल्या तिथं गोड म्हणून मांडा, उद्यावर टाकू नका, आणि भावासाठी तर मुळीच दाबून ठेवू नका. माझी वही उघडून बघा : जमेला एक घोट आणि चार थेंब, आणि बाकी आख्खी बाटली साताऱ्याच्या शेवग्याच्या नावावर खर्ची.